व्हीएमचं बिऱ्हाड हलवताना: व्हीएमवेअरची डिस्क प्रॉक्समॉक्सवर कशी चालू करायची

गिरगावातल्या एका सीए ऑफिसात माझं येणंजाणं असतं. तिथला अकाउंटिंगचा सगळा कारभार एका विंडोज १० च्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालतो आणि ती व्हीएम एका जुन्या डेस्कटॉपवर व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये कित्येक वर्षं पडून होती. डेस्कटॉपचा पंखा मिक्सरसारखा वाजायला लागला तेव्हा कुठे साहेबांना पटलं की मशीन बदलायला हवं. लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड मिनी पीसी आणला, त्यावर प्रॉक्समॉक्स (थेट मशीनवर बसणारी, व्हीएम चालवायचीच सिस्टिम) टाकलं, आणि मी तोंड वर करून सांगून बसलो की तासाभराचं काम आहे, शुक्रवारी संध्याकाळी येतो. ते तासाभराचं काम सोमवारी दुपारी संपलं. त्यात डिस्क कन्व्हर्ट व्हायला लागली वीस मिनिटं, बाकीचा वेळ मी आधी न केलेल्या गोष्टींनी खाल्ला. पहिल्यांदाच हे करणाऱ्यांचा शनिवार-रविवार वाचावा म्हणून लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कमांड मी इथे बोलतो तशा देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा. सगळं स्मॉलमध्ये, फक्त एका ठिकाणी कॅपिटल ओ येतो, तो आला की सांगेन.

व्हीएमची डिस्क म्हणजे शेवटी एक फाईल, कधीकधी दहाबारा फाईली. व्हीएमवेअरची व्हीएमडीके, व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, हायपर-व्हीची जुनी व्हीएचडी (हिला २०४० जीबीची मर्यादा) आणि नवी व्हीएचडीएक्स (६४ टीबीपर्यंत), केव्हीएमवाल्यांची (लिनक्सचं व्हीएम चालवायचं इंजिन, प्रॉक्समॉक्सच्या पोटातही हेच) क्यूकाऊ२, आणि रॉ, म्हणजे कुठलंही पॅकिंग नसलेली, खऱ्या डिस्कवर जसं असतं तसंच बाइट-टू-बाइट. ओव्हीए नावाची फाईल कुणी दिली तर घाबरू नका, ती नुसती टार फाईल असते, टारने उघडली की आत एक ओव्हीएफ आणि एक व्हीएमडीके निघते. या सगळ्यांत आतला माल तोच, खोका वेगळा. खोका बदलणं हे खरंच सोपं आहे. गोची अशी की आत बसलेल्या विंडोजला वाटत असतं की आपण अजून त्याच मदरबोर्डवर आहोत, तोच डिस्क कंट्रोलर, तेच नेटवर्क कार्ड. डोळे उघडते तर सगळंच नवीन, आणि मग ती निळी पडते.

अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खोका बदलल्याने सीपीयूची भाषा बदलत नाही. इंटेल-एएमडीवरची विंडोज व्हीएम ॲपलच्या एम सिरीजच्या मॅकवर न्यायची असेल तर डिस्क कन्व्हर्ट होईलही, पण पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजनमध्ये ती सरळ चालणार नाही, यूटीएमसारख्या प्रोग्रॅममध्ये एम्युलेशन करून, म्हणजे दुसऱ्या सीपीयूची नक्कल करून, चालवावी लागेल आणि ते इतकं हळू चालतं की रोजच्या कामाला मी तरी कुणाला सुचवणार नाही.

जुन्या मशीनवर असतानाच करायची कामं

व्हीएम अजून जुन्या जागी धडधाकट चालू आहे तोवर या गोष्टी करून घ्या, नंतर यातली निम्मी करताच येत नाहीत.

पहिलं, व्हीएममध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा आणि स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. आयपी, गेटवे, डीएनएस, सगळं त्यात येतं. दुसरं, व्हीएमवेअर टूल्स अनइन्स्टॉल करा. हे मी केलं नव्हतं. नंतर प्रॉक्समॉक्सवर गेल्यावर काढायला गेलो तर त्याचा अनइन्स्टॉलर म्हणतो मी व्हीएमवेअरच्या बाहेर चालणार नाही, म्हणजे घर सोडलं तरी जुन्या सोसायटीचा मेंटेनन्स चालूच. शेवटी रजिस्ट्रीत हात घालून काढावं लागलं. तिसरं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर बंद करा, निदान रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण नवीन मशीन दिसलं की विंडोज ती मागणारच. विंडोज ११ असेल आणि व्हर्च्युअल टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लावलेला असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, टीपीएममधल्या किल्ल्या डिस्क फाईलबरोबर येत नाहीत.

चौथं, बायोस की यूईएफआय (मशीन सुरू व्हायच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी) ते बघा. रनमध्ये एमएसइन्फो३२ टाका, तिथे बायोस मोड अशी ओळ असते, समोर लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं असतं. नवीन ठिकाणी व्हीएम बनवताना हेच निवडायचंय. चुकीचं निवडलं तर डिस्क एकदम व्यवस्थित असूनही बूट होणार नाही आणि तुम्ही बिचाऱ्या कन्व्हर्जनला दोष देत बसाल.

मग बंद करा, पण पूर्ण बंद. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, शटडाऊन म्हटलं तरी ती अर्धवट झोपलेली असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये शटडाऊन स्लॅश एस स्लॅश टी शून्य असं दिलं की नीट बंद होते. सस्पेंड केलेल्या व्हीएमची डिस्क उचलायची नाही, आणि चालू व्हीएमची तर अजिबातच नाही, कॉपी होईल पण आतली फाइलसिस्टिम धड नसेल.

स्नॅपशॉट, जिथे माझा शनिवार गेला

आता माझी मोठी चूक. मी फोल्डर उघडला, त्यात सगळ्यात मोठी व्हीएमडीके दिसली, ३८ जीबीची, ती उचलली, कन्व्हर्ट केली, प्रॉक्समॉक्सवर चढवली, ड्रायव्हरची मारामारी केली, शनिवारी रात्री विंडोज एकदाची सुरू झाली. मी खुश. सोमवारी सकाळी अकाउंट्सच्या काकू आल्या, चष्मा लावला, कंपनी उघडली, दोन मिनिटं खालीवर केलं आणि म्हणाल्या, "अरे, माझी दिवाळीनंतरची व्हाउचरं कुठायत?"

नव्हतीच. मागे कुणीतरी दिवाळीच्या सुट्टीआधी सॉफ्टवेअर अपडेट करताना एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता आणि नंतर तसाच सोडून दिला होता. स्नॅपशॉट घेतला की व्हीएमवेअर मूळ डिस्कला हात लावायचं थांबवतं आणि पुढचे सगळे बदल एका वेगळ्या फाईलीत लिहायला लागतं, तिच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन ०००००१ असा आकडा असतो. मी उचलली होती मूळ डिस्क, म्हणजे दिवाळीच्या आधीचं ऑफिस. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं आणि हातात पाच महिन्यांपूर्वीचा डेटा. जुन्या मशीनवरचं मूळ फोल्डर मी डिलीट केलं नव्हतं म्हणून निभावलं, नाहीतर काकूंनी मला गॅलरीतून खाली टाकलं असतं.

तुम्ही काय करायचं, तर व्हीएमएक्स नावाची फाईल असते ती नोटपॅडमध्ये उघडा आणि त्यात डिस्कचं फाईलनेम लिहिलेली ओळ शोधा. त्या नावाच्या शेवटी ०००००१, ०००००२ असं काही दिसलं तर स्नॅपशॉट आहे. मग वर्कस्टेशनच्या स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये जाऊन तो डिलीट करा. इथे नवीन माणूस हमखास दचकतो, डिलीट म्हटलं की डेटा जाईल असं वाटतं. उलटं आहे. डिलीट म्हणजे नंतरचे बदल मूळ डिस्कमध्ये मिसळून टाकणं, आजची स्थिती तशीच राहते. धोका आहे तो गो टू किंवा रिव्हर्ट या बटणांत, ती तुम्हाला खरोखरच मागे नेतात. व्हर्च्युअलबॉक्समध्येही तसंच, डिलीट चालेल, रिस्टोर नको. मिसळायला वेळ लागतो आणि डिस्कवर मोकळी जागा लागते, मध्येच कॅन्सल करू नका. सगळं मिसळलं की व्हीएम जुन्या जागीच एकदा सुरू करून ताजी एंट्री दिसते का ते बघा, मगच पुढे.

फाईल न्यायची कशी

शक्यतो नेटवर्कवरून. पेन ड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्कवरून नेणार असाल तर ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नाही ना बघा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. एक्सफॅट चालतं. वर्कस्टेशनने डिस्क तुकड्यांत ठेवली असेल तर एस००१, एस००२ अशा बऱ्याच फाईली दिसतील आणि एक अगदी छोटीशी व्हीएमडीके, काही केबींची. ती छोटी म्हणजे अनुक्रमणिका, तिच्यात कुठला तुकडा कुठे ते लिहिलेलं असतं. सगळं फोल्डरच कॉपी करा आणि कमांडला नाव त्या छोटीचंच द्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे एसएचए२५६ चेकसम (फाईलचा ठसा, एक बाइट बदलला तरी वेगळा येतो) काढून ताडून बघा. कंटाळा येतो, माहितीये, पण स्वस्तातल्या यूएसबी केबलने मला एकदा फसवलंय.

आता कन्व्हर्ट

हत्याराचं नाव क्यूएमू-आयएमजी. प्रॉक्समॉक्सवर आधीच असतं, उबुंटूवर क्यूएमू-युटिल्स नावाच्या पॅकेजमध्ये मिळतं, मॅकवर ब्रूने क्यूएमू इन्स्टॉल केलं की येतं. आधी चौकशी:

क्यूएमू-आयएमजी इन्फो ऑफिस.व्हीएमडीके

यात दोन आकडे बघायचे. व्हर्च्युअल साईझ म्हणजे आतल्या विंडोजला डिस्क केवढी दिसते, आमची ६० जीबी. डिस्क साईझ म्हणजे फाईल खरोखर केवढी जागा खाते. आणि खाली बॅकिंग फाईल अशी ओळ दिसली तर थांबा, स्नॅपशॉट अजून शिल्लक आहे, वर परत जा. मग खरी कमांड:

क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट डॅश पी डॅश एफ व्हीएमडीके डॅश ओ क्यूकाऊ२ ऑफिस.व्हीएमडीके ऑफिस.क्यूकाऊ२

इथला ओ कॅपिटल. कॅपिटल ओ म्हणजे कुठल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढायचं, स्मॉल ओ म्हणजे त्या फॉरमॅटची बारीकसारीक ऑप्शन्स, दोन्हींची गल्लत केली की विचित्र एरर येतात. डॅश पी दिला नाही तर स्क्रीनवर काहीच हलत नाही आणि माणूस घाबरून कंट्रोल-सी मारतो, त्यामुळे डॅश पी द्याच, टक्केवारी दिसत राहते. मूळ फाईल फक्त वाचली जाते, तिला काही होत नाही. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलने) करत असाल तर टीमक्समध्ये करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. मी खाली चहा प्यायला गेलो, लॅपटॉप झोपला, कनेक्शन तुटलं, ६४ टक्क्यांवरून परत शून्य. झाल्यावर क्यूएमू-आयएमजी चेक मारून बघा, नो एरर्स आलं की पुढे.

खरं सांगायचं तर प्रॉक्समॉक्ससाठी ही पायरी गाळलीत तरी चालतं, कारण त्याची इम्पोर्टची कमांड व्हीएमडीके सरळ गिळते आणि आतल्या आत कन्व्हर्ट करते. पण साधं केव्हीएम, हायपर-व्ही, क्लाउड, कुठेही जायचं तर हीच कमांड लागते, म्हणून हाताखालून गेलेली बरी.

प्रॉक्समॉक्सवर चढवणं

वेबवरून नवीन व्हीएम बनवा, डिस्कच्या टॅबवर जी डिस्क तो स्वतःहून देतो ती काढून टाका. बायोसच्या जागी, लेगसी असेल तर सीबायोस, यूईएफआय असेल तर ओव्हीएमएफ, आणि ओव्हीएमएफ घेतलं की ईएफआय डिस्क जोडायची. व्हीएमचा नंबर लक्षात ठेवा, समजा १०४. मग शेलमध्ये:

क्यूएम डिस्क इम्पोर्ट १०४ ऑफिस.क्यूकाऊ२ लोकल-एलव्हीएम

शेवटचं ते स्टोरेजचं नाव. पूर्वी हेच क्यूएम इम्पोर्टडिस्क असं एकत्र लिहायचे, जुन्या व्हिडिओंत तेच दिसेल. झालं की व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये अनयूज्ड डिस्क दिसते. तिच्यावर डबल क्लिक करा आणि बसच्या (डिस्क कुठल्या प्रकारे जोडायची त्याच्या) जागी साटा निवडा. व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेला डिस्क-नेटवर्कचा प्रकार) फास्ट असतं असं सगळीकडे वाचाल, खरंय, पण आत्ता नाही. नंतर ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर उघडून साटा० वर टिक करून वर ओढा. हे दहातले आठ जण विसरतात, आणि मग स्क्रीनवर नो बूटेबल डिव्हाइस.

साटा का, तर विंडोजमध्ये साटाचा ड्रायव्हर मुळातच असतो, व्हर्टआयओचा नसतो. मी उत्साहात पहिल्या फटक्यात व्हर्टआयओ स्कझी लावलं आणि निळा स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस, जुन्या विंडोजवर हाच कोड ०एक्स७बी म्हणून यायचा. अर्थ एवढाच की विंडोजला स्वतःची सी ड्राइव्हच दिसत नाहीये. डिस्क खराब नाही, कन्व्हर्जन फसलं नाही, फक्त ड्रायव्हर नाही. साटावरही असं झालंच तर दोनतीन वेळा बूट फसल्यावर रिकव्हरीचा स्क्रीन येतो, तिथून सेफ मोडमध्ये एकदा सुरू करा, बहुतेक वेळा ती हार्डवेअर ओळखून घेते.

विंडोज साटावर सुरू झाली की मग व्हर्टआयओकडे वळायचं, त्याची एक छान युक्ती आहे. व्हर्टआयओ-विन नावाचा आयएसओ मिळतो, तो सीडी म्हणून लावा. स्कझी कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी आहे ना बघा आणि एक १ जीबीची रिकामी डिस्क स्कझी बसवर जोडा. विंडोज सुरू करून सीडीमधला इन्स्टॉलर चालवा. आता विंडोजसमोर त्या कंट्रोलरवर खरोखरची डिस्क आहे म्हणून ती ड्रायव्हर नुसता ठेवून न देता कामाला लावते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली की काम झालं. बंद करा, रिकामी डिस्क काढून टाका, सी ड्राइव्हची डिस्क साटावरून डिटॅच करा, ती परत अनयूज्डमध्ये जाते, तिथून स्कझी म्हणून जोडा, आणि बूट ऑर्डर परत लावा. हो, परत. नेटवर्क कार्डही आता व्हर्टआयओ करून टाका, ड्रायव्हर त्याच इन्स्टॉलरने आलेला असतो.

लिनक्स असेल तर

लिनक्स या बाबतीत गुणी बाळ. उबुंटू-डेबियन बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात उठतात. रेड हॅटच्या घराण्यातली असेल तर तिचं इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं) फक्त जुन्या हार्डवेअरपुरतं बांधलेलं असतं, बूट मेनूतून रेस्क्यूवाला कर्नल निवडून आत शिरा आणि ड्राकट डॅश डॅश रीजनरेट-ऑल डॅश डॅश फोर्स डॅश डॅश नो-होस्टओन्ली चालवा. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) एसडीए१ असं थेट नाव असेल तर यूयूआयडी (त्या पार्टिशनचा न बदलणारा आयडी) टाका. आणि नेटवर्क चालणार नाही हे धरूनच चला, व्हीएमवेअरमध्ये कार्डाचं नाव ईएनएस३३ असतं, प्रॉक्समॉक्सवर बहुधा ईएनएस१८ होतं, नेटप्लॅनच्या फाईलीत नाव बदललं की झालं. एसएसएच चालणार नाही तेव्हा, कन्सोलवरूनच करा.

दुसरीकडे जायचं असेल तर थोडक्यात

व्हर्च्युअलबॉक्सला व्हीएमडीके तशीच चालते, कन्व्हर्ट कशाला करताय. हायपर-व्हीसाठी कॅपिटल ओच्या पुढे व्हीएचडीएक्स लिहा, जनरेशन १ म्हणजे बायोस आणि जनरेशन २ म्हणजे यूईएफआय, नंतर बदलता येत नाही. तिथे फाईल स्पार्स (रिकामी जागा डिस्कवर न लिहिलेली) आहे अशी तक्रार आली तर ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये एफएसयुटिल स्पार्स सेटफ्लॅग, फाईलचं नाव आणि शून्य. ॲझ्युरला व्हीएचडीएक्स चालत नाही, फिक्स्ड व्हीएचडीच हवी आणि तिची व्हर्च्युअल साईझ पूर्ण एमबीमध्ये हवी. क्यूएमू व्हीएचडीला व्हीपीसी म्हणतं, त्यामुळे कॅपिटल ओ व्हीपीसी आणि पुढे स्मॉल ओ सबफॉरमॅट इज इक्वल टू फिक्स्ड कॉमा फोर्स_साईझ.

सुरू झाली, आता

स्टॅटिक आयपी टाकायला गेलात की विंडोज म्हणेल हा आयपी दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते दुसरं कार्ड म्हणजे व्हीएमवेअरचं, जे आता नाही पण रजिस्ट्रीत भुतासारखं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये शो हिडन डिव्हाइसेस करा, फिकट दिसणारं कार्ड अनइन्स्टॉल करा. डी ड्राइव्ह गायब असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ऑफलाइन पडलेली असते, राइट क्लिक करून ऑनलाइन. ॲक्टिव्हेशन परत मागू शकते, की हाताशी ठेवा.

सीए ऑफिसात अजून एक भानगड असते ती यूएसबीची. डिजिटल सिग्नेचरचं टोकन आणि सॉफ्टवेअरचा डोंगल, दोन्ही जुन्या पीसीला मागे लटकत होते. प्रॉक्समॉक्समध्ये हार्डवेअर, ॲड, यूएसबी डिव्हाइस, तिथे वेंडर-डिव्हाइस आयडीने जोडा म्हणजे कुठल्याही पोर्टात घातलं तरी चालतं. साहेबांकडे मात्र एकाच कंपनीची दोन टोकनं निघाली, दोन्हींचा आयडी सारखा, दुसरं लावलं की कुठलं आत जाईल सांगता येईना. म्हणून तिथे पोर्टवर जोडलं, आणि मिनी पीसीच्या पाठीमागे त्या दोन पोर्टांच्या वर काकूंनी मेडिकल टेप चिकटवून बॉलपेनने लिहिलं, एकावर साहेब, एकावर पार्टनर.